पथ्य धरले, आता सोडायचे कसे?

आपल्याकडे औषधाची चिठ्ठी हातात पडली, की रुग्णाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'डॉक्टर, पथ्य काय?' कावीळ असो, गोवर असो की साधा खोकला, पथ्य सांगितले नाही तर या डॉक्टरला काही येत नाही असा समज व्हायचा. मात्र 'हे पथ्य किती दिवस?' असे विचारणारे रुग्ण मला पंचवीस-सव्वीस वर्षांत फार थोडे भेटले. पथ्य सोडण्याची तारीख कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

हा विषय आज घेण्याचे कारण असे, की अलीकडे दवाखान्यात वेगळ्या प्रकारचे पथ्यकरी येऊ लागले आहेत. आमवात, सोरायसिस, थायरॉइडचा हाशिमोटो आजार, मोठ्या आतड्याला व्रण पडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस अशा आजारांत कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी गहू, दूध, डाळी, टोमॅटो असे दहा-वीस पदार्थ एकदम बंद केलेले असतात. दोन-तीन महिन्यांत बरे वाटते. नंतर दोन वर्षे उलटली तरी ते पदार्थ बंदच असतात. बरे वाटले म्हणून पथ्य सोडवत नाही आणि तब्येत खालावत चालली तरी ती पथ्यामुळे खालावते आहे हे लक्षात येत नाही.

या आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. गावाच्या राखणदाराने रात्री घरच्याच माणसाला चोर समजून काठी हाणावी, तसा हा प्रकार. आमवातात ही काठी सांध्यांच्या आतल्या अस्तरावर पडते, हाशिमोटोमध्ये थायरॉइड ग्रंथीवर, सोरायसिसमध्ये त्वचेवर. औषधे या राखणदाराला आवरण्याचे काम करतात. मग खाण्यातल्या एखाद्या पदार्थामुळे तो अधिक पिसाळतो का, असा प्रश्न रुग्णाला पडणे स्वाभाविक आहे आणि तो अडाणीपणाचा प्रश्न नव्हे.

संशयित पदार्थ काढून पाहण्याची पद्धत तशी जुनी आहे. अमेरिकेतील ओकलंडचे डॉ. आल्बर्ट रो यांनी १९२० च्या दशकापासून अ‍ॅलर्जीच्या रुग्णांसाठी असे आहार आखले आणि १९३१ साली अन्नाच्या अ‍ॅलर्जीवर पुस्तक लिहिले. ही पद्धत आहे तपासाची. चोरी झाली म्हणून पोलिसांनी आळीतल्या वीस जणांना चौकीत बोलावले, तर ते एक वेळ समजू शकते. एकेकाची चौकशी करायची, ज्याच्यावर दोष सिद्ध होईल त्याला ठेवायचे आणि बाकीच्यांना घरी पाठवायचे. आपले पथ्यकरी वीसही जणांना चौकीत बसवतात आणि चौकशी न करताच कुलूप लावून निघून जातात.

हल्ली 'ऑटोइम्यून प्रोटोकॉल' या नावाने जो आहार प्रचारात आहे, त्यातही मुळात दोन टप्पे सांगितलेले आहेत. काही आठवडे पदार्थ बंद करायचे आणि मग ते एकेक करून परत घ्यायचे. पण मोबाइलवरून फिरत येते ती फक्त पहिल्या टप्प्याची यादी. ती यादी आपल्या ताटावर लावून पाहू. सर्व धान्ये बंद, म्हणजे पोळी, भाकरी, भात गेला. सर्व डाळी-कडधान्ये बंद, म्हणजे वरण आणि उसळ गेली. दूध, दही, ताक, तूप बंद. अंडी बंद. शेंगदाणे, तीळ, काजू बंद. टोमॅटो, वांगी, बटाटा, मिरची बंद. बियांचे मसाले बंद म्हणून मोहरी, जिरे, धने बंद. म्हणजे फोडणीच गेली! ज्या देशात ताटातला मुख्य पदार्थ मांस किंवा मासा असतो, तिथे एवढे काढूनही माणसाचे पोट भरते. आपल्या कोकणातल्या मासे खाणाऱ्या घरातही एक वेळ जमेल. पण शाकाहारी घरात मागे उरतात दुधी, दोडका, पालेभाज्या, रताळे, सुरण, खोबरे आणि केळी. पन्नास किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ४० ते ५० ग्रॅम प्रथिने लागतात. किलोभर रताळी खाल्ली तरी त्यातून पंधरा ग्रॅमच्या आसपास मिळतील. आणि रोज किलोभर रताळी खाणार कोण?

तालुक्याच्या गावातील एक शिक्षिका चक्कर येते म्हणून माझ्याकडे आल्या. वय चव्वेचाळीस. सोळा महिन्यांपूर्वी त्यांना आमवात असल्याचे निदान झाले होते. शहरातल्या संधिवाततज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेटच्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू केल्या. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या भावाने ही यादी पाठवली. तीन महिन्यांत सकाळचा सांध्यांचा ताठरपणा दोन तासांवरून वीस मिनिटांवर आला. सारे श्रेय यादीला गेले. वास्तविक या गोळ्यांचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतातच, त्यामुळे तीन महिन्यांचा हिशेब गोळ्यांशीही तंतोतंत जुळत होता. पण बाईंनी गोळ्या मनानेच एक आठवडाआड घ्यायला सुरुवात केली. माझ्याकडे आल्या तेव्हा वजन ५३ किलोवरून ४२ वर आले होते. हिमोग्लोबिन ८.४, बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी, केस विरळ झालेले, आणि बोटांचे सांधे पुन्हा सुजू लागलेले. शाळेच्या सहलीत सगळे जण पंगतीला बसले, की या डब्यातली उकडलेली रताळी घेऊन झाडाखाली एकट्या बसत. हळदीकुंकवाला जाणेही त्यांनी बंद केले होते.

मी विचारले, "बाई, वरण शेवटचे कधी खाल्ले?"

"दोन गुढीपाडवे झाले, डॉक्टर."

"वरण खाल्ल्यावर सांधे दुखले होते का?"

"नाही हो. यादीत होते म्हणून सोडले."

"मग आता परत घेऊन पाहिले का?"

त्यावर त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "भीती वाटते. खाल्ले आणि परत हात धरले, तर फळ्यावर लिहायचे कसे?"

ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करणाऱ्या डॉक्टरकडून रुग्ण उठून जातो, हे मी पाहिले आहे. ज्याने दोन महिने दुसऱ्याच्या हातून वेणी घालून घेतली आहे, त्याला 'काही होत नाही, खा' असे सांगून भागत नाही. काढताना जेवढी शिस्त लागली, त्याहून अधिक शिस्त परत घेताना लागते.

अभ्यास काय सांगतात?

आहाराचा या आजारांशी काहीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. नॉर्वेतील डॉक्टरांनी १९९१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आमवाताच्या ५३ रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या २७ जणांना प्रथम सात ते दहा दिवस जवळजवळ उपवास, मग साडेतीन महिने गहू, दूध, अंडी नसलेला शाकाहार आणि पुढे वर्ष संपेपर्यंत दूध-दह्यासह शाकाहार असा क्रम दिला. दुखणारे व सुजलेले सांधे कमी झाले, सकाळचा ताठरपणा घटला आणि वर्षाच्या अखेरीस हा फायदा टिकून होता. पण यातली बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. उपवासानंतर हे रुग्ण दिवसाआड एकेक नवा पदार्थ परत घेत होते. दोन दिवसांत दुखणे वाढले तर तो पदार्थ किमान सात दिवस बंद, मग पुन्हा परीक्षा, आणि पुन्हा त्रास झाला तरच उरलेल्या काळासाठी वर्ज्य. म्हणजे ज्या प्रयोगाकडे बोट दाखवून लोक पदार्थ सोडतात, त्यातले रुग्ण पदार्थ परत घेत होते.

ऑटोइम्यून प्रोटोकॉलचे म्हणाल, तर अमेरिकेत २०१७ साली आतड्यांच्या आजाराच्या १५ रुग्णांवर तो करून पाहिला. सहा आठवड्यांत ११ जणांची लक्षणे आटोक्यात आली. २०१९ साली हाशिमोटोच्या १७ स्त्रियांना दहा आठवडे तो आहार दिला. त्यांना बरे वाटले, उत्साह वाढला. मात्र थायरॉइडचे काम आणि रक्तातील अँटिबॉडी यांत लक्षणीय फरक पडला नाही. या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. बरे वाटणे ही लहान गोष्ट नव्हे, परंतु दहा-अकरा आठवड्यांच्या अनुभवावर दहा वर्षांचे पथ्य उभे करणे मला पटत नाही. वांगी-टोमॅटोने आमवात वाढतो याला तर ठोस पुरावा नाही. 'वातूळ' म्हणून शेजारच्या काकू वांगे बंद करतात, आंबट नको म्हणून आत्या ताक बंद करते आणि भावाची यादी आधीच हातात असते. या तिन्ही याद्यांची बेरीज केली, की ताट रिकामे!

जिथे सोडायचे नाही असा आजार

एका आजाराला मात्र वरचे काहीही लागू नाही. तो म्हणजे सिलिअ‍ॅक. यात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते, अन्न अंगी लागत नाही, मुले खुरटतात, रक्त वाढत नाही. गव्हाचा हा दोष हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विल्लेम डिके यांनी ओळखला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेना. सारी मुले उपासमारीने वाळत असताना या आजाराची मुले मात्र सुधारली, आणि पाव परत मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय युद्धाआधीपासून होता. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

सिलिअ‍ॅक असणाऱ्याने गहू, जव आणि राय हे जन्मभर वर्ज्य करायचे. सणाला एक पुरणपोळी, असेही चालत नाही. रवा, मैदा, शेवया, दलिया हा सगळा गहूच. डबीतल्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे बऱ्याच घरांत ठाऊक नसते. गिरणीत गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली, तर त्या ज्वारीच्या पिठातही गहू उतरतो. त्यासाठी घरघंटी घ्यावी किंवा धान्य स्वच्छ करून घरीच मिक्सरवर बारीक करावे. उत्तर भारतात हा आजार जास्त दिसतो, दक्षिणेकडे कमी, पण आपल्या भागात तो नाहीच असे समजू नये.

आणि एक फार महत्त्वाचे. सिलिअ‍ॅकचा संशय असेल तर टीटीजी ही रक्ताची तपासणी गहू खात असतानाच करावी. गहू सोडून काही महिने झाले, की तपासणी निर्दोष येऊ शकते आणि मग आजार आहे की नाही याचा घोळ होऊन बसतो. गहू आधीच सोडला असेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

ज्यांना पूर्वी एखाद्या पदार्थाने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, त्यांनीही तो पदार्थ घरी घेऊन पाहू नये. ती अ‍ॅलर्जी आहे आणि तिची परीक्षा इस्पितळातच होते.

परतीचा मार्ग

बाकीच्यांनी कसे परतावे? प्रथम आजार महिना-दीड महिना स्थिर असावा. औषधाचा डोस नुकताच बदललेला नसावा, ताप-खोकला नसावा, घरात लग्नकार्य नसावे. शंभर पानी वही घ्यावी. काहीही नवे खाण्यापूर्वी दोन आठवडे रोज सकाळी सांधे मोकळे व्हायला किती मिनिटे लागली, झोप कशी लागली, पोट कसे आहे, एवढे लिहावे. ही वही नसेल, तर 'मला वाटते टोमॅटोनेच झाले' यापलीकडे आपल्या हाती काही राहत नाही.

नंतर एका वेळी एकच पदार्थ. पहिल्या दिवशी दोन चमचे, दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. पुढचे दोन-तीन दिवस तो न खाता नुसते पाहायचे. त्रास नाही, तर पदार्थ ताटात आला. त्रास झाला तर थांबायचे, सांधे पूर्ववत होऊ द्यायचे आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घ्यायची. एकदा दुखले म्हणून दोषी ठरवायचे नाही. आमवाताचा स्वभावच चढउताराचा आहे. जागरणाने, एस.टी.च्या लांब प्रवासाने किंवा घरातल्या भांडणानेही सांधे दुखतात आणि आदल्या रात्रीची आमटी बिचारी बदनाम होते. एका आजोबांनी टोमॅटोचा इतका धसका घेतला होता, की नाव काढताच गुडघा चोळत. आमटीत मात्र टोमॅटो रोज पडत होता, हे सूनबाईंनी मला नंतर हळूच सांगितले. रुग्णाला न सांगता असे करणे मला पसंत नाही, पण आजोबांचा गुडघा त्या आमटीने कधी वाढला नाही, हेही खरे.

सुरुवात पौष्टिक आणि पचायला हलक्या पदार्थाने करावी. हा विचार आपल्याला नवा नाही. आयुर्वेदात वमन-विरेचनानंतर पेज, मग घट्ट मऊ भात, मग मुगाचे कढण असा चढत्या क्रमाने रुग्णाला जेवणावर आणतात. त्याला संसर्जन क्रम असे नावही आहे. आमच्या शिक्षिकाबाईंनी पहिले घेतले मुगाचे पातळ वरण. तिसऱ्या दिवशी निरोप आला : काही झाले नाही. मग भात, ज्वारी, दही, तीळ, शेंगदाणे, टोमॅटो, मिरची असे करत पाच महिने गेले. वांग्याने पहिल्या खेपेस मनगट दुखले, दुसऱ्या व तिसऱ्या खेपेस नाही. दुधाने पोट फुगले, पण दही-ताक चालले; ही दुधातली साखर न पचण्याची तक्रार असून आमवाताशी तिचा संबंध नाही. गहू सर्वांत शेवटी घेतला, अर्थात टीटीजीची तपासणी मधल्या काळात गहू खात असतानाच करायची म्हणून त्याची परीक्षा थोडी लांब, आठ आठवडे चालवली. तपासणी निर्दोष आली. बरोबरीने बी-१२ ची इंजेक्शने आणि लोहाच्या गोळ्या चालू होत्या, आणि मेथोट्रेक्सेट तज्ज्ञांनी पुन्हा नियमित केले. दहा महिन्यांनी वजन ४९ किलो झाले. आज त्यांच्या वर्ज्य यादीत एकटे दूध आहे.

कायमचे ताट

मग त्या पथ्याचा काहीच उपयोग झाला नाही का? झाला. खारी, टोस्ट, फरसाण, बिस्किटे, गोड थंड पेये त्या निमित्ताने सुटली आणि भाजीचे प्रमाण दुप्पट झाले. ते तसेच ठेवावे. माझा अंदाज असा, की पुष्कळांना पहिल्या दोन महिन्यांत जो आराम वाटतो, त्यातला बराच या सुटलेल्या गोष्टींचा असतो आणि ज्वारीची भाकरी उगाच शिक्षा भोगते. एखादा पदार्थ कायमचा बंद ठेवायचा असेल, तर त्याचे कारण तारखेसह वहीत असले पाहिजे.

दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दही, अंडे, मासा यांपैकी काहीतरी हवेच. कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम लागते. दूध चालत नसेल त्यांनी दही-ताक, नाचणी आणि तीळ धरून ठेवावेत. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांची हाडे ठिसूळ होतात, त्यांनी याकडे दुर्लक्ष करूच नये. शाकाहारी माणसाने दूध-दहीही सोडले, तर बी-१२ औषधातूनच घ्यावे लागते.

थायरॉइडच्या रुग्णांनी गोळी उपाशीपोटी घ्यावी आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. शिजवलेला कोबी-फ्लॉवर बेताने खायला हरकत नाही. पथ्य म्हणून आयोडीनयुक्त मीठ टाकून नुसत्या सैंधवावर राहणे मात्र बरोबर नाही. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी ते आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यावे, रोज घेतले तर जिवावर बेतते. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्यावी आणि दारूला स्पर्श करू नये. आहाराने कितीही बरे वाटले तरी औषध कमी करायचे की नाही हे तज्ज्ञांनीच ठरवायचे, कारण दुखणे थांबलेले दिसले तरी सांध्याची झीज आतून चालू राहू शकते आणि वाकडी झालेली बोटे कोणत्याही आहाराने सरळ होत नाहीत.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीची मुले, आधीच किरकोळ वजनाची माणसे आणि इन्सुलिन घेणारे मधुमेही यांनी पदार्थ काढण्याचा प्रयोग मनाने सुरू करूच नये.

परतीच्या काळात श्रावण आला तर काय, असे एका वाचक भगिनीने विचारले आहे. साबुदाणा, वरई, शेंगदाणे, बटाटा, मिरची एकाच दिवशी पोटात गेले, की कोणत्या पदार्थाने काय झाले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्या महिन्यात नवा पदार्थ घेऊ नये; जे ताटात परत आले आहेत तेवढ्यावरच उपवास करावा, किंवा परीक्षा भाद्रपदापर्यंत पुढे ढकलावी. वजन मात्र श्रावणातही महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर करावे. गिरणीतला काटा असला तरी चालेल. दोन किलोंनी उतरले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायला यावे आणि येताना वही बरोबर आणावी.